पाच दिवसांमागची वर्षे



दीर्घ ललितलेखनाची आखणी हा आजचा विषय. तो बारडोलीत मांडायचा म्हटल्यावर एक उदाहरण आपोआप सुचले. तुमच्या स्थानकावरून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग धरला, की वाटेत अमळनेर लागते. तेथे १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते.

‘श्यामची आई’ त्यांनी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिली, ही हकीकत वर्गात मी मोठ्या कौतुकाने सांगत असे. आज वाटते, त्या कौतुकाने काही होतकरू मुलांचे नुकसानच झाले. ती स्फूर्तीची वाट पाहत बसली.

पाच दिवस खरे. पण त्यांमागे काय होते? अमळनेरच्या वसतिगृहातील मुलांसाठी गुरुजी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. रोज लिहायचे, आणि वाचणारा समोरच! पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने त्यांनी उतरून घेतली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय, असे १८ रविवार. मोठा विषय एकेका बैठकीत पेलायचा आणि तरी धागा तुटू द्यायचा नाही, याचे शिक्षण याहून चांगले कोठे मिळणार?

‘श्यामची आई’त प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. आश्रमातील मित्र जमतात, श्याम एक आठवण सांगतो, रात्र सरते. माझ्या मते ही रात्र हाच त्या पुस्तकाचा आराखडा. कोठे थांबावे, हे लेखकाला दर वेळी नव्याने ठरवावे लागत नाही. ऐकणाऱ्यांना झोपायचे असते.

एकंदर ४५ रात्री लिहिल्या गेल्या. ३६ तुरुंगात, ९ बाहेर आल्यावर. पुस्तकात आल्या ४२. त्या गाळलेल्या तीन रात्रींविषयी मला फार कुतूहल आहे. ज्याला आपण निव्वळ उमाळा समजतो, त्या लेखनातूनही काही बाजूला ठेवले गेले होते.

माझ्या कपाटात एका कादंबरीचा आराखडा कित्येक वर्षे पडून होता. वंशावळी, तारखा, प्रकरणांचा तक्ता, सारे काही. तक्ता इतका सुबक झाला, की लिहिण्याची निकडच उरली नाही. गेल्या वर्षी चार पानांचा कच्चा खर्डा केला आणि नातीला वाचून दाखविला. दुसऱ्याच पानावर तिने विचारले, “आजोबा, पण हे सांगतंय कोण? आणि कुणाला?”

तक्त्यात ते कोठेच नव्हते. पहिल्या पानापासून पुन्हा लिहितो आहे.