कर्ण आणि 'अपना टाईम आयेगा'

बेलापूर लोकलमध्ये माझ्या कानात 'गली बॉय'चं (२०१९) 'अपना टाईम आयेगा' आणि हातात शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७). मुराद ड्रायव्हरचा पोरगा, कर्ण सारथ्याचा. दोघांनाही जग आधी बाप विचारतं, कला नंतर.

गाण्यात सगळी वाट बघणं आहे ती वेळेची. पण कर्णाची वेळ आली होती की! दुर्योधनाने भर स्पर्धेत त्याला अंगदेशाचा राजा केलं. त्या उपकारापायी, पुढे कृष्णाने खरं कुळ सांगितलं तरी त्याला बाजू सोडता आली नाही.

मलाही पहिला ब्रेक देणाऱ्या सिनियरला अजून 'नाही' म्हणता येत नाही. म्हणून सांगतो, टाईम आला की बघा, तो देतंय कोण? भेटू पुढच्या एपिसोडला!