पेढीवरून कार्यालयात : पहिल्या नोकरीचे पहिले दिवस

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



कापडाच्या दुकानात वाढलेला मुलगा बी. कॉम. होऊन प्रथमच एखाद्या कार्यालयात नोकरीस लागतो, तेव्हा त्याच्याजवळ पुष्कळ शिदोरी असते. त्याला बोलणे येते, हिशेब येतो, गिऱ्हाइकाचा चेहरा वाचता येतो. विचारणे मात्र येत नाही, कारण दुकानात त्याची कधी गरजच पडलेली नसते. ताका मोजताना हात चुकला तर कात्री लागण्यापूर्वीच वडिलांचा आवाज येतो. खतावणीत आकडा उलटा पडला तर मुनीमजी तो मुकाट्याने दुरुस्त करतात. मालकाच्या मुलाला कोण बोलणार? कार्यालयात वडील नसतात आणि मुनीमजीही नसतात. तेथे न समजलेली गोष्ट स्वतः विचारावी लागते आणि झालेली चूक स्वतः जाऊन सांगावी लागते. व्यापारी घरातील मुलामुलींना हेच सर्वांत जड जाते.

पुण्यातील एका करसल्लागाराच्या कार्यालयात असाच एक तरुण लागला. काम साधे होते : अशिलांची विक्रीची बिले संगणकात चढविणे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हापासून प्रत्येक नोंदणीकृत व्यापाऱ्यास पंधरा अक्षरांचा क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. त्यापुढील दहा अक्षरे पॅनची. विक्रेता आपल्या विवरणपत्रात ज्याचा क्रमांक लिहितो, त्याच्याच खात्यात त्या बिलावरील कराची वजावट दिसते. एका अशिलाचे चार लाखांचे कापडाचे बिल होते; पाच टक्क्यांप्रमाणे कर वीस हजार. खरेदीदाराच्या नावाच्या दोन पेढ्या यादीत होत्या, एक इचलकरंजीची आणि दुसरी भिवंडीची. घाईत बोट शेजारच्या नावावर पडले.

दहा तारखेच्या सायंकाळी याद्या ताडून पाहताना त्याच्या मनात शंका आली. मासिक विक्रीचे विवरणपत्र अकरा तारखेपर्यंत भरावयाचे असल्याने सर्वत्र धावपळ होती. वरिष्ठ फोनवर होते. नोकरीचा तिसरा आठवडा. आता विचारले तर काय म्हणतील, या संकोचाने तो गप्प बसला. विवरणपत्र दाखल झाले.

त्या सायंकाळी ही दुरुस्ती दोन मिनिटांची होती. दाखल झाल्यानंतर मात्र खरेदीदाराचा क्रमांक बदलावयाचा तर तो पुढील महिन्याच्या विवरणपत्रातच बदलता येतो. चौदा तारखेस खरेदीदारांची वजावटीची यादी तयार झाली आणि इचलकरंजीच्या पेढीस आपले वीस हजार तीत आढळले नाहीत. अशा वेळी कापड बाजारात काय होते, हे येथे बसलेल्या व्यापाऱ्यांना सांगावयास नको. त्या पेढीने तेवढी रक्कम रोखून ठेवली. वीस हजारांनी अशील बुडाला नाही, परंतु वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकापुढे त्याला खाली पाहावे लागले.

अशिलाचा फोन येताच, शोधाशोध सुरू होण्यापूर्वी, तो तरुण उठला आणि त्याने सर्व सांगितले. "तुला केव्हा कळले?" वरिष्ठांनी विचारले. "दहा तारखेला, सर." बोट चुकल्याबद्दल ते रागावले नाहीत, मधल्या चार दिवसांबद्दल रागावले. खरेदीदाराकडे फोनही त्यांनी त्यालाच करावयास लावला. पुढील महिन्यात दुरुस्ती झाली, रक्कम सुटली, मुलाची नोकरीही टिकली. तथापि त्यानंतर तीन महिने त्याच्या प्रत्येक नोंदीवर दुसऱ्या कोणाची तरी नजर असे.

चूक सांगावयास जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. बिल हाती असावे, काय झाले ते दोन वाक्यांत सांगावे, कोणत्या तारखेच्या आत सुधारता येईल हेही पाहून ठेवावे. कारणे कोणी विचारल्यास द्यावीत. शंका विचारताना जवळ वही असावी. एकच गोष्ट एकदा विचारणाऱ्या नवख्यास कोणी हसत नाही. तीच गोष्ट तीनदा विचारणाऱ्यास लोक कंटाळतात, आणि ते योग्यच आहे.

आता एक नाजूक विषय. लेखापालांच्या वा करसल्लागारांच्या कार्यालयात मुलगा बसला की बाजारातील निम्म्या पेढ्यांची उलाढाल त्याच्या डोळ्यांखालून जाते. त्यांत घरच्यांचे प्रतिस्पर्धी असतात, सोयरेही असतात. रात्री जेवताना काका सहज विचारतात, "अमक्यांचे यंदा कसे काय?" मुलाने उत्तर दिले तर अशिलाचा विश्वासघात होतो, न दिले तर काका म्हणतात, मुलगा शिष्ट झाला. यात दोष मुलापेक्षा विचारणाऱ्याचा अधिक आहे. वडीलधाऱ्यांनी हा प्रश्नच विचारू नये. मुलींनाही हा प्रश्न होतोच. लग्न ठरविताना तर समोरच्या घरची विवरणपत्रे पाहून येण्याची सूचना होते! त्याचप्रमाणे अशिलाची डिजिटल स्वाक्षरी, कोणाचा पासवर्ड वा ओटीपी विश्वासाने हाती येतो; सांगितलेल्या कामापलीकडे त्यास हात लावू नये, आणि आपला पासवर्ड सहकाऱ्यास देऊ नये.

पगाराविषयी थोडक्यात. नियुक्तिपत्र मागून घ्यावे आणि शेवटच्या पानापर्यंत वाचावे. वार्षिक आकडा आणि दरमहा हाती येणारी रक्कम यांत अंतर असते. वीस वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत भविष्यनिर्वाह निधीपोटी मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या साधारणपणे १२ टक्के कपात होते आणि मालकही तेवढाच वाटा घालतो. सदर निधीचा खातेक्रमांक, म्हणजे यूएएन, जन्मभर एकच राहतो. नोकरी बदलल्यास रक्कम काढू नये, वर्ग करून घ्यावी. पाच वर्षांच्या सेवेपूर्वी काढल्यास तीवर सामान्यतः प्राप्तिकर लागतो.

पालकांनाही एक विनंती. मुलाला रजा हवी म्हणून वडिलांनी साहेबांना फोन करू नये. ओळखीने नोकरी लागली असली तर मुळीच करू नये. दिवाळीच्या तोंडावर दुकानात माणूस कमी पडतो, ही अडचण खरी आहे. परंतु कार्यालयाचा हंगामही त्याच सुमारास असतो. लेखापरीक्षणाचे अहवाल ३० सप्टेंबर आणि त्यांची विवरणपत्रे ३१ ऑक्टोबर, अशा मुदती असतात. कधी सरकार त्या वाढविते, तेव्हा काम दिवाळीपलीकडेही चालते. धनत्रयोदशीस गल्ल्यावर मुलगा हवाच असेल, तर ती रजा त्याने स्वतः, लेखी आणि जुलै-ऑगस्टमध्येच मागावी. मिळाली नाही तर त्या दिवसापुरता शेजारच्या पेढीवरील एखादा माणूस बोलवावा.