काळापहाडाच्या मागे चाळ का नाही?



विरार स्थानकातून समुद्राकडे जाणारी वाट अर्नाळ्याला संपते. गाव कोळ्यांचे, समोर बेटावर किल्ला, १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला. इतिहासाच्या पुस्तकात अर्नाळा येतो तो एवढ्यापुरताच. परंतु मराठी घराघरांत हे नाव पोहोचले ते चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६–१९९६) यांच्यामुळे. या गृहस्थांनी ‘बाबुराव अर्नाळकर’ या नावाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या. समीक्षकांनी त्यांना पंक्तीस घेतले नाही. गिरणी कामगाराने, कारकुनाने आणि अभ्यासाच्या पुस्तकाआड दडवून वाचणाऱ्या शाळकरी मुलाने मात्र वाचनालयाची वर्गणी त्यांच्यासाठीच भरली.

रहस्यकथेचा उगम शहरात आहे. एडगर ॲलन पो याची पहिली गुप्तहेरकथा १८४१ सालची, आणि लंडनच्या पोलिसांत गुन्हे-शोधाची स्वतंत्र शाखा निघाली १८४२ साली. ही जवळीक निव्वळ योगायोगाची म्हणता येत नाही. शहर फुगले, शेजारी अनोळखी झाला, आणि भिंतीपलीकडे कोण राहतो या धास्तीला कथेचे रूप आले. १८८७ साली शेरलॉक होम्स अवतरला. त्याच्या कथांतील पोलीस मंदबुद्धी असले तरी ते वाचकाच्या स्वतःच्या राज्याचे पोलीस होते.

आपल्याकडची गोष्ट निराळी. १८५७च्या उठावानंतर, १८६१च्या कायद्याने येथे जी पोलीस यंत्रणा उभी राहिली, ती रयतेच्या रक्षणापेक्षा रयतेवर वचक ठेवण्यासाठी. अशा देशात फौजदाराला नायक कोण मानणार? अर्नाळकरांचा धनंजय रीतसर गुप्तहेर आहे. पण त्यांचे झुंजार आणि काळापहाड कायद्याच्या पलीकडून न्याय करतात, आणि वाचकांनी त्यांनाही तितकेच डोक्यावर घेतले. असे दिलदार लुटारू विलायती कादंबऱ्यांत आधीच होते आणि अर्नाळकरांनी तिकडून उचल केली, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो हा उसना नायक या मातीत इतका रुजला का, हा.

तरीही एक आक्षेप उरतोच. काळापहाड एकटा येतो. एखादा सावकार लुटला जातो, सावकारी तशीच राहते. वाचकाकडे काम एकच, पान उलटण्याचे. न्याय कोणीतरी परस्पर करून देईल, ही सवय चळवळीला घातक आहे. राजकारणातही आपण अशा काळापहाडांची वाट पाहत बसतो.

म्हणून ही पुस्तके वस्तीतल्या वाचनालयातून हद्दपार करायची काय? नुसत्या पुस्तिका आणि चरित्रे मांडलेल्या कपाटाकडे संध्याकाळी कोण फिरकते, हे कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. अर्नाळकर ठेवले तर दिवसभर राबलेला माणूस निदान उंबऱ्याशी येतो. पुस्तक परत करताना त्याला एवढेच विचारावे, की काळापहाड तिजोरी फोडायला निघतो तेव्हा अख्खी चाळ त्याच्याबरोबर का निघत नाही?