नकाशातली बाग
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या बालवाडीसाठी जागा मागायला मी नगरपालिकेत गेले, तेव्हा भिंतीवरच्या नकाशात आपल्याच गल्लीमागे बाग दिसली. आनंद झाला, पण परत येऊन पाहते तो तिथे उकिरडाच!

१९६६ च्या नगररचना कायद्याचे कलम १२७ सांगते : अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. मग मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत, की आरक्षण संपते.

आपली ९ वर्षे सरली. हळदीकुंकवाला आपण शंभर जणी जमतो. तेवढ्याच सह्या अर्जावर हव्यात. बाग झाली तर मुले खेळतील, सासूबाईंना चार पावले चालता येईल. पहिली सही मी केली आहे.