टायटल ब्लॉकमधली गाळलेली ओळ

वास्तुविशारदाची व्यवसायनीती त्याच्या नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली वाचता येते. टायटल ब्लॉकमध्ये मालकाचे नाव असते, प्रकल्पाचे असते, प्रमाण, उत्तर दिशा, तारीख आणि सही असते. ज्या वाडीच्या शिवारात इमारत उभी राहणार, तिचे नाव नसते. मुळशी तालुक्यापुरता तरी या व्यवसायाचा सारा इतिहास म्हणजे या एका गाळलेल्या ओळीचा इतिहास.

एप्रिल 1921 मध्ये मुळशी पेट्यात धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. पां. म. बापट याच लढ्यात ‘सेनापती’ झाले. मावळ्यांचा राग मोबदल्यावरच नव्हता; मालकाला न विचारता त्याच्या शेतात चर खणले, ही आगळीक त्याआधीची. धरण बांधणाऱ्या कंपनीच्या लेखी ते निव्वळ सर्वेक्षण होते. आजची साइट व्हिजिटही याच चालीवर होते. चराऐवजी ड्रोन येतो, इतकेच.

याच तालुक्यातल्या लवासा या खासगी गिरिशहरात हीच ओळ फार महागात पडली. मोसे खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या काठी इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर त्यातले दासवे हे नगर उभे राहिले. अमेरिकन कार्यालयाने आखलेल्या आराखड्याला 2005 मध्ये अमेरिकेत पुरस्कार मिळाले. जमिनी गेल्याची तक्रार करणारे कातकरी परीक्षकांत अर्थातच नव्हते. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले, वर्षभराने अटी घालून परवानगी दिली आणि 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

नियम मुके नाहीत. वास्तुविशारद अधिनियम 1972 चा. त्याखालची 1989 ची आचारनियमावली सुरुवातीलाच पर्यावरणाचा दर्जा आणि समाजाचे भावी हित यांची आठवण देते, मग शुल्क, जाहिरात, दलाली, स्पर्धा यांत रमते. शुल्क पाडून कुणी काम पळवले, की तक्रारीला सहव्यवसायी हजर असतो. देवराई पुसली गेली, तर गावकऱ्याला आधी वास्तुकला परिषदेचा पत्ता शोधावा लागतो आणि तो दिल्लीचा निघतो. सकाळी परिसंवादात ‘शाश्वत’ या शब्दावर स्लाइड दाखवून संध्याकाळी डोंगर कापण्याच्या नकाशावर सही करणारे याच जिल्ह्यात आहेत. टायटल ब्लॉकमध्ये ती गाळलेली ओळ आणण्याचा आपल्या संघटनेतला गेल्या वर्षीचा ठराव कोणाच्या हरकतीने बारगळला, हेही सभेला सांगायला नको.

हा दोष परक्यांचाच नाही. संघटनेच्या यंदाच्या अध्यक्षांनी शिकाऊ उमेदवारीच्या काळात पौड खोऱ्यातल्या एका जागेचा नकाशा काढताना गुरांची पाणंद रेषा वाकडी दिसते म्हणून गाळली होती. वरिष्ठांनी नकाशा स्वच्छ आहे म्हणून पाठ थोपटली. पुढच्या आषाढात गुरे कुंपणाला येऊन थांबली आणि एका म्हातारीने, “साहेब, वाट कुठं ठेवलीत?” एवढेच विचारले. उत्तर अजून द्यायचे राहिले आहे. लोकसहभाग म्हणजे छापील प्रश्नावली नव्हे. पावसात पाणंद चालून पाहणे, चैत्रात पाणवठा कुठे सरकतो ते बायांना विचारणे, गावठाणाची हद्द कागदांबरोबर माणसांकडूनही समजून घेणे, हे काम त्यात येते आणि त्याचे शुल्क कोणत्याही तक्त्यात नाही.

चांगले दाखले तालुक्यातच आहेत. ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी आखलेल्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजच्या काळ्या दगडी भिंती सह्याद्रीशी भांडत नाहीत. दगड स्थानिक असला म्हणजे गावाची संमती आपोआप मिळते, असा अर्थ मात्र कोणी काढू नये.

नकाशाला मंजुरी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) देते. ग्रामसभेला तो दिसतो तेव्हा बुलडोझर दारात असतो. म्हणून ठराव पुन्हा मांडला जात आहे, गेल्या वर्षीचाच, एक शब्दही न बदलता: वाडीचे नाव, पाणंद, पाणवठा, देवराई आणि ग्रामसभेत नकाशा दाखवल्याची तारीख टायटल ब्लॉकमध्ये नसेल, तर सभासदाने सही करू नये. अनुमोदन देणाऱ्यांनी हात वर करावेत.