समुद्रतळावरच्या वाहिन्या आणि आतला गंज



सप्टेंबर २०१३ मध्ये कझाकस्तानातल्या काशागान क्षेत्रातून पहिले तेल निघाले. कॅस्पियन समुद्राच्या उत्तर भागातल्या या साठ्याचा शोध २००० साली लागला होता. उत्पादनाची वाट सगळे तेव्हापासून पाहत होते. दोनच आठवड्यांत किनाऱ्याकडे वायू नेणाऱ्या वाहिनीला गळती लागली. दुरुस्ती करून काम सुरू केले, तर ऑक्टोबरमध्ये पुन्हा गळती. उत्पादन थांबले ते तीन वर्षांसाठी. पाइप तर कोरे करकरीत होते!

दोष धातूच्या आत होता. काशागानच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड भरपूर आहे. ओलावा मिळाला की हा वायू पोलादाशी अभिक्रिया करतो आणि पृष्ठभागावर हायड्रोजनचे सुटे अणू तयार होतात. एरवी ते जोडीने वायू होऊन निघून गेले असते. सल्फाइड त्यांना जोडी जमवू देत नाही. मग ते पोलादात शिरतात, जिथे धातू कठीण आणि ताणाखाली असेल तिथे साठतात, आणि तडा जातो. पाइपची जाडी कमी होत नाही, त्यामुळे आगाऊ सूचना म्हणून काही मिळत नाही. म्हणूनच अशा वायूसाठी वापरायच्या साध्या पोलादाची कठीणता विकर्स मापनात साधारण २५० च्या आत ठेवतात. वेल्ड झटपट थंड झाला, तर त्याच्या काठावरची पट्टी ही मर्यादा सहज ओलांडते. काशागानमध्ये शेवटी तेलाची आणि वायूची, प्रत्येकी सुमारे ९५ किलोमीटरच्या दोन्ही वाहिन्या बदलाव्या लागल्या. नव्या पाइपांना आतून निकेलच्या मिश्रधातूचे अस्तर दिले गेले. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेल पुन्हा वाहू लागले.

बाहेरच्या गंजाचे उत्तर मात्र दोनशे वर्षे जुने आहे. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचे तांब्याचे पत्रे खाऱ्या पाण्यात झिजत होते. हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये दाखवून दिले, की तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा छोटा तुकडा जोडला तर तो तुकडा झिजतो आणि तांबे वाचते. तांबे वाचले खरे, पण त्यातून विषारी क्षार सुटेनासे झाले. तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटले, जहाजे मंदावली. समुद्रतळावर पडून असलेल्या वाहिनीला ही अडचण नाही. त्यामुळे डेव्हींची युक्ती आज तिथे चांगलीच कामाला येते. पाइपवर प्लास्टिकचा लेप, वर काँक्रीटचे वजनदार वेष्टन आणि ठरावीक अंतरावर अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे कडे, म्हणजे झिजणारा अॅनोड. किलोमागे अॅल्युमिनियम जस्ताच्या अडीच-तीनपट वीज देते.

तरी दोन जागा सांभाळाव्या लागतात. पाइप साधारण १२ मीटरच्या तुकड्यांत येतात. २०० किलोमीटरच्या वाहिनीत सोळा हजारांहून अधिक सांधे होतात आणि प्रत्येकावरचा लेप हलत्या जहाजावर, घाईत चढवला जातो. दुसरी जागा विद्युतदाबाची. सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडच्या मापाने उणे ०.८० व्होल्टला पोलाद सुरक्षित असते. संरक्षण जास्तच झाले, उणे १.१ व्होल्टच्याही पलीकडे गेले, तर पृष्ठभागावर पुन्हा तोच हायड्रोजन तयार होतो आणि कठीण धातूला धोका उभा राहतो.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. मुंबई हायचा शोध १९७४ चा, उत्पादन १९७६ चे. आधी तेल टँकरने येई, १९७८ मध्ये उरणपर्यंत समुद्राखालून वाहिनी आली. समुद्रातल्या दक्षिण बेसिन क्षेत्रातून हजिऱ्याला येणाऱ्या वायूतही हायड्रोजन सल्फाइड आहे, म्हणून काशागानचा धडा इथल्या वेल्डरपर्यंत पोहोचायला हवा.

आतल्या गंजाचा आणखी एक प्रकार वयाबरोबर येतो. क्षेत्र म्हातारे झाले की तेल घटते आणि पाणी वाढते. प्रवाह मंदावतो, पाणी आणि गाळ पाइपच्या तळाशी बसतात, त्याखाली जीवाणू वाढतात आणि तळाला खड्डे पडतात. बाहेरचा अॅनोड इथे काहीही करू शकत नाही. अलास्कातल्या प्रुडो बे इथे २००६ मध्ये असेच झाले. ती वाहिनी जमिनीवरची होती, पण रसायन हेच. पाइपच्या आतून फिरून भिंतीची जाडी मोजणारे यंत्र, म्हणजे पिग, तिच्यातून १९९८ नंतर फिरलाच नव्हता. सुमारे दोन लाख गॅलन तेल टुंड्रावर सांडले. तपासणीचा वाचवलेला खर्च ही बचत नव्हे, हे तिथे स्पष्ट दिसले.

न्यू मेक्सिकोत कार्ल्सबादजवळ २००० साली वायुवाहिनी फुटून १२ माणसे गेली. सखल भागात साचलेल्या पाण्याने ती आतून खाल्ली होती. अमेरिकेच्या तपास मंडळाने आपला अहवाल खुला केला. तो आज कोणताही विद्यार्थी वाचू शकतो. आपल्याकडे निकामी झालेला पाइप बहुधा भंगारात जातो आणि त्याच्याबरोबर त्याची हकीकतही.

म्हणून या व्यासपीठावरून एक विनंती. पुढच्या परिषदेला यशोगाथांबरोबर फुटलेल्या पाइपांवरचे निबंधही पाठवा. कंपनीचे नाव झाकले तरी चालेल. पण धातूची रचना, वेल्डची कठीणता, पाण्याचे पृथक्करण आणि शेवटचा पिग फिरल्याची तारीख झाकू नका.