मुलांची रिले



आम्ही शाळामास्तर, आम्हांस भाषणापेक्षा शिट्टीची सवय अधिक!

आठनऊ वर्षांची मुले आमच्याकडे येतात तेव्हा पालकांचा पहिला प्रश्न असतो, “आमचा किती सेकंदांत पळतो?” घड्याळ आम्ही खिशातच ठेवतो. शिवाशिवी, लंगडी आणि बॅटनची देवघेव, एवढे या वयात पुष्कळ झाले.

बॅटन म्हणजे 28 ते 30 सेंटिमीटर लांबीची पोकळ नळी. पण ती भल्याभल्यांना दगा देते. 2024 साली पॅरिसला अमेरिकेचे निष्णात धावपटू 4×100 मीटरच्या अंतिम शर्यतीत बाद ठरले, ते बॅटनची अदलाबदल 30 मीटरच्या पट्ट्यात झाली नाही म्हणून. तेव्हा आम्ही देवघेव आधी चालत, मग हळू धावत करून घेतो. घेणाऱ्याने मागे पाहावयाचे नाही. “घे” ऐकताच तळवा पसरून हात मागे न्यावयाचा. 4×400 मध्ये मात्र पाहूनच घ्यावी, कारण देणारा पार दमलेला असतो.

बॅटन पडली की तिघे एकाकडे बोट दाखवितात. नियम असा, की जिच्या अगर ज्याच्या हातून पडली त्यानेच उचलावयाची. रागावयाचे हे नियमात कोठेही नाही.

“मंद मुलाला वगळा” असा आग्रह दरवर्षी होतो. आम्ही वगळीत नाही. दहाव्या वर्षी मागे पडणारा तेराव्या वर्षी पुढे निघालेला आम्ही पाहिला आहे.

ट्रस्टला विनंती एकच: यंदा नवा चषक नको. पावसाळ्यानंतर मैदानावर वर आलेले खडे वेचून घ्यावेत आणि रेघांसाठी चुना द्यावा. मुले अनवाणी पळतात.